'लक्ष्मी'त अक्षरं किती?

अर्धा_र (धागाकर्ता)

गेल्या दिवाळीत सांगलीला घरी गेलो होतो. सुट्टीत हात शिवशिवतात, म्हणून आईसाठी ब्राउझरात चालणारा एक शब्दखेळ केला. रोज एक लपवलेला शब्द, सहा प्रयत्न. अक्षर बरोबर जागी असेल तर घर हिरवं, अक्षर आहे पण जागा चुकली तर पिवळं. २०२२ च्या सुरुवातीला वर्डलनं सगळ्यांना वेड लावलं होतं, त्याचीच ही घरगुती आवृत्ती. दोन संध्याकाळचं काम. दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन, म्हणून पहिला शब्द ठेवला 'लक्ष्मी'.

आईनं फोन घेतला, चष्मा वर सारला आणि पडद्यावरची घरं मोजली. सात.

"सोप्पंय. नरकचतुर्दशी."

मी म्हटलं, कशावरून?

"दिवाळी, आणि सात अक्षरं. दुसरं काय असणार?" आणि बोटांवर मोजून दाखवलं. न, र, क, च, तु, र्द, शी. बरोबर सात. तिनं ते भरलं आणि माझा खेळ म्हणाला, 'शब्द फार मोठा आहे.'

उत्तर सांगितल्यावर ती हसेल असं वाटलं होतं. हसली नाही. "लक्ष्मीत सात अक्षरं? मराठीला कोण होतं रे तुला?"

आता माझी बाजू. युनिकोड म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या चिन्हांना संगणकासाठी क्रमांक देणारं प्रमाण. त्यात देवनागरीला १२८ खणांचा एक पट्टा दिलेला आहे. त्यात व्यंजनं वेगळ्या खणांत, काना-मात्रा-वेलांट्या वेगळ्या खणांत, आणि पाय मोडायचं चिन्हही स्वतंत्र खणात. 'लक्ष्मी' म्हणजे ल, क, पाय मोडा, ष, पाय मोडा, म, दुसरी वेलांटी. झाले सात. जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंगच्या भाषेला लांबी विचारा, सात सांगेल. पायथनही सातच. गो किंवा पीएचपीला साध्या पद्धतीनं विचारलंत तर २१, कारण यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत आपलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. आणि हाच शब्द वेबपत्त्यात गेला की प्रत्येक बाइटचं टक्क्याचं चिन्ह आणि दोन आकडी-अक्षरी सांकेतिक रूप होतं, म्हणजे एकूण ६३. मराठी विकिपीडियाचा दुवा व्हॉट्सॲपवर चिकटवला की समोरचा "तुझा फोन हॅक झालाय का?" विचारतो, त्याचं मूळ हे.

आईचे दोन, जावास्क्रिप्टचे सात, बाइट एकवीस, दुव्यात त्रेसष्ट. लक्ष्मी चंचल असते हे लहानपणापासून ऐकत आलोय, पण इतकी?

मग ब्राउझरमधला सेगमेंटर वापरला. हे अंगभूत हत्यार माणसाला दिसणारी अक्षरं मोजून देतं, आणि इमोजी नीट मोजायला बहुतेक लोक तेच वापरतात. बाबांच्या जुन्या टॅबलेटवर त्यानं 'लक्ष्मी'त चार अक्षरं सांगितली: ल, क्, ष्, मी. माझ्या लॅपटॉपवर त्याच ओळीनं दोन सांगितली: ल, क्ष्मी. एकच कोड, एकच शब्द, एकाच जेवणाच्या टेबलावरची दोन यंत्रं.

खणत गेल्यावर कारण सापडलं. व्यंजन, पाय मोडा, व्यंजन अशी साखळी आली तर देवनागरीसारख्या काही लिप्यांत ती फोडू नका, एकच अक्षर धरा, हा नियम युनिकोडच्या मूळ प्रमाणात आला सप्टेंबर २०२३ मध्ये, १५.१ या आवृत्तीत. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची. म्हणजे 'क्ष' हे एक अक्षर आहे हे मोजणीच्या नियमात लिहायला ३२ वर्षं गेली. बाबांचा टॅबलेट त्याआधीचा, त्यामुळे त्याच्या लेखी क्ष अजून क् आणि ष.

आता खेळात दोन घरं येतात, पण नवाच पेच उभा राहिलाय. उत्तरात 'का' आहे आणि खेळणाऱ्यानं 'कि' भरलं, तर काय करायचं? इंग्रजीत हा प्रश्नच येत नाही. तिथं २६ कळा आहेत, रंग भरत जायचं. आपल्याकडं ३४ व्यंजनांची नुसती बाराखडी धरली तरी ४०८ घरं होतात, आणि जोडाक्षरं अजून मोजलेलीच नाहीत. 'कि'ला सरळ चूक म्हटलं तर सहा प्रयत्नांत कुणाच्याच हाती काही लागणार नाही.

काय करावं? शिवाय, तुमच्या कामात किंवा घरात संगणकानं मराठीची अशी मजा केली असेल तर तीही येऊ द्या.

---

वाचनमात्र

नरकचतुर्दशीला साष्टांग दंडवत. आईंना सांगा, उत्तर त्यांचंच बरोबर होतं, प्रश्न चुकला होता.

---

पाटीपेन्सिल

तीस वर्षं मराठी शिकवलं, म्हणून बोलतो. तुमच्या आईंनी जे मोजलं त्याला आमच्याकडे अक्षरसंख्या म्हणतात, आणि ती स्वरांवर ठरते. जितके स्वर तितकी अक्षरं. 'क्ष्मी'त तीन व्यंजनं असली तरी स्वर एकच, ई. म्हणून अक्षर एक. मोठ्या अभंगाची मांडणी सहा, सहा, सहा, चार अशी बावीस अक्षरांची. ती शेकडो वर्षं लोकांनी टाळांच्या ठेक्यावर मोजली आणि जोडाक्षरापाशी कुणी अडखळलं नाही.

पण तुमच्या नव्या नियमालाही एक परीक्षा देतो. 'जगत्' शब्द घाला बघू. पाय मोडलेला त. छंदात तो स्वतंत्र मोजत नाहीत, दोनच अक्षरं.

---

अर्धा_र

गुरुजी, घातला. यंत्र म्हणतं तीन. ज, ग, त्. पुढं व्यंजन नाही म्हटल्यावर साखळी जुळत नाही, आणि तो त् एकटा उभा राहतो.

म्हणजे डोळ्यांना दिसणारी अक्षरं आणि कानांना ऐकू येणारी अक्षरं या दोन वेगळ्या मोजण्या आहेत. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तूर्तास पाय मोडून संपणारे शब्द यादीतून काढतो.

---

मनकष

नाव मीनाक्षी समजा. मनकष का, ते सांगते.

एका ऑनलाइन अर्जात नाव देवनागरीत भरायचं होतं. कुठला अर्ज ते जाऊ द्या. 'मीनाक्षी' भरलं. लाल अक्षरांत सूचना आली, 'नावात विशेष चिन्हे चालणार नाहीत.' पुन्हा भरलं. पुन्हा तेच. शेवटी वैतागून एकेक चिन्ह काढत गेले. वेलांटी काढली, काना काढला, क्षचा पाय मोडलेला सरळ केला, शेवटची वेलांटी काढली. उरलं 'मनकष'. अर्ज हिरवा झाला. 'आपले नाव वैध आहे.'

मी टेस्टिंगमध्ये काम करते, म्हणून कारण ओळखता आलं. नाव तपासणाऱ्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (मजकुराचा नमुना तपासायच्या सूत्रात) कुणीतरी प्रामाणिकपणे 'कोणत्याही भाषेतलं अक्षर चालेल' असं लिहिलं होतं. वाटतं छान. पण युनिकोडच्या वर्गवारीत म हे 'अक्षर', आणि वेलांटी-काना-पाय मोडा हे 'चिन्ह'. चिन्हांचा वर्ग वेगळा सांगावा लागतो. तो सांगितला नाही की अख्ख्या महाराष्ट्राच्या काना-मात्रा विशेष चिन्हांत जमा. सुनीलचा सनल, शीतलची शतल.

ज्यानं लिहिलं त्यानं 'रमण', 'कमल', 'भरत' घालून चाचणी घेतली असणार. ते शब्द पास होतात ना!

---

वाचनमात्र

मनकष 😂 म्हणजे 'मगर धर, नळ बघ' हेच ज्यांचं अख्खं मराठी, त्या लोकांनी लिहिलेली प्रणाली.

---

शंकासूर

धागा छान, लेखन रंजक, पण मूळ प्रश्न असा: हे करायचं कुणासाठी? माझ्या ओळखीत नव्वद टक्के लोक मराठी रोमनमध्ये लिहितात, उरलेले फोनला बोलून लिहवतात. पुढच्या पिढीला 'क्ष' खणात किती आणि डोळ्याला किती याचं घेणंदेणं नाही. शब्दखेळ रोमनमध्ये करा, २६ कळांत विषय मिटतो.

---

अर्धा_र

शंकासूर, रोमनमध्ये करून पाहिला होता, खरंच. 'नळ' आणि 'नल' एक. 'पाणी' आणि 'पानी' एक. 'डाळ', 'दाल', 'ढाल' यांतल्या दोघांचं तर स्पेलिंग घराघरांत वेगळं. आईनं आधी विचारलं, "यात ळ कुठाय?" आणि खेळ खाली ठेवला.

नव्वद टक्के हा आकडा कुठून आणला, हा प्रश्न मी विचारत नाही. आपण मित्र आहोत.

---

खिळेजुळारी

हा विषय आमचा. अप्पा बळवंत चौकापासून हाकेच्या अंतरावर डीटीपीत, म्हणजे संगणकावर छपाईची पानं लावण्यात, आयुष्य गेलं. लग्नपत्रिका, दिवाळी अंक, प्रबंध, निवडणुकीची पत्रकं, सगळं केलं. तुम्ही युनिकोडला नावं ठेवताय, पण त्याच्या आधीचा काळ पाहिला असता तर रोज नारळ फोडला असता.

तेव्हा संगणकाला मराठी येतच नव्हतं. आम्ही काय करायचो, तर इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी तुकड्यांची चित्रं बसवलेले फाँट वापरायचो. पडद्यावर मराठी, आत इंग्रजी. कृतिदेव या फाँटमध्ये 'मराठी' टाइप केलं की फाइलच्या आत असतं ई, जे, के, मोठा बी, एच. ज्याच्याकडे तो फाँट नाही त्याला तेवढंच दिसणार. श्रीलिपीची फाइल घेऊन गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात गेलं की तिथला माणूस कपाळावर हात मारायचा. शोध घेणं, अनुक्रम लावणं, सगळं बंद, कारण संगणकाच्या मते ते गचाळ इंग्रजी होतं.

खरी गंमत पुढची. टाइपरायटरवर आम्ही दिसतं तसं टाइप करायचो. पहिली वेलांटी दिसते आधी, म्हणून ती आधी. रफार दिसतो शेवटी, म्हणून तो शेवटी. 'कार्तिक' म्हणजे क, काना, पहिली वेलांटी, त, रफार, क. युनिकोडमध्ये उच्चारतो तसं: क, काना, र, पाय मोडा, त, वेलांटी, क. म्हणजे जुनी फाइल बदलायची तर वेलांटी उचलून मागं टाकायची आणि रफार उचलून पुढं आणायचा. घाईत लिहिलेले कन्व्हर्टर वेलांटी हलवतात आणि रफार विसरतात. मग निघतं 'कातिर्क'. जुन्या बातम्यांच्या संग्रहांत 'आथिर्क' असा शब्द शोधून बघा. कुणाच्याही बोलीत तो शब्द नाही, पण इंटरनेटवर तो बक्कळ सापडतो.

फ्लेक्सवरच्या फुटलेल्या 'हार्दिक शुभेच्छां'चं कारण मात्र वेगळं. तिथं मजकूर युनिकोडच असतो. चित्र करायच्या सॉफ्टवेअरमध्ये आपल्या लिप्यांसाठी 'वर्ल्ड-रेडी' नावाचा पर्याय असतो, तो कुणी लावत नाही. मग रफार चढत नाही, च आणि छ हात सोडून लांब उभे राहतात, आणि साहेबांच्या वाढदिवसाला वेलांटी भलत्याच्या डोक्यावर बसते.

---

चहाबाज

खिळेजुळारी काका, वाचून जुने दिवस आठवले. आता थोडं अवांतर करतो, पण फिरून इथंच येणार आहे.

वेबवर ४०४ सगळ्यांना माहीत, पान सापडलं नाही. ४१८ माहितेय का? १ एप्रिल १९९८ ला लॅरी मॅसिंटर यांनी कॉफीचं यंत्र इंटरनेटवरून चालवायचा एक रीतसर नियमसंच प्रसिद्ध केला, आरएफसी २३२४. नेहमीची कोरडी सरकारी भाषा, आणि आत सगळा वात्रटपणा. त्यात एक कलम असं, की चहाच्या किटलीला कुणी कॉफी करायला सांगितलं तर तिनं ४१८ हा क्रमांक पाठवून कळवावं, 'मी किटली आहे.' एप्रिल फूल होतं, पण प्रोग्रामर लोकांनी ते उचललं आणि खऱ्याखुऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घालून ठेवलं. २०१४ मध्ये त्याला चहाची पुरवणीसुद्धा निघाली.

२०१७ मध्ये एचटीटीपीच्या, म्हणजे वेबपानांच्या देवाणघेवाणीच्या नियमांच्या, कार्यगटाचे मार्क नॉटिंगहॅम यांनी नोड, गो वगैरे सॉफ्टवेअर प्रकल्पांना विनंती केली, की हा विनोद आता काढा, क्रमांक कधीतरी कामाला लागेल. झालं! एका पंधरा वर्षांच्या पोरानं 'किटली वाचवा' मोहीम काढली आणि लोक असे तुटून पडले की किटली राहिली. जून २०२२ च्या आरएफसी ९११० मध्ये ४१८ वर अधिकृत शिक्का आहे: वापरात नाही, पण राखीव, तूर्तास दुसऱ्या कुणाला मिळणार नाही.

आता तारखा शेजारी ठेवा. किटलीचं आरक्षण २०२२. 'क्ष'ची नोंद २०२३. रांगेत किटली आपल्या पुढं होती.

---

मनकष

चहाबाज, हे मी ऑफिसच्या फळ्यावर लिहून आलेय.

---

डब्लिनकर

विनोद म्हणून झकास, पण जरा न्याय करा. क्ष नीट *दिसत* होता फार आधीपासून. विंडोज २००० बरोबर मंगल फाँट आला, र. कृ. जोशींनी केलेला, आणि तेव्हापासून साध्या संगणकावर युनिकोड जोडाक्षरं व्यवस्थित उमटायला लागली. राहिलं होतं ते *मोजणं*, कर्सर कुठं थांबणार, शब्द कुठं तोडायचा हे. आणि तेही सोपं नाही, कारण तमिळमध्ये पुळ्ळी (त्यांचा पाय मोडा) दिली की अक्षरं बहुतेक वेळा सुटीच राहतात. एकच नियम सगळ्या भारतीय लिप्यांना लावला असता तर चेन्नईतून मोर्चा आला असता. म्हणून तर 'काही लिप्यांत' असं नियमात आलं.

आणि जोडाजोडीची एक गंमत. अरबी आणि आपल्याकडच्या लिप्यांसाठी युनिकोडमध्ये शून्य रुंदीचं एक अदृश्य जोडचिन्ह आहे. दिसत नाही, जागा खात नाही, फक्त शेजाऱ्यांना सांगतं की एकमेकांना धरा. आपला अर्धा र लिहायला ते वापरतात (धागाकर्त्याला वेगळं सांगायला नको). पुढं इमोजीवाल्यांनी तेच चिन्ह उचललं. फोनमधली आई, बाबा आणि दोन मुलांची एकत्र इमोजी म्हणजे चार सुटी माणसं आणि त्यांच्यामध्ये तीन अदृश्य जोडचिन्हं. जावास्क्रिप्टला लांबी विचारा, ११ येते. ब्राउझर बनवणाऱ्यांनी अक्षरं नीट मोजायचं मनावर घेतलं त्यात या कुटुंबांचा वाटा मोठा आहे, असं माझं मत. मुलगी बॅकस्पेस दाबते आणि कुटुंबातलं एकेक माणूस नाहीसं होतं, हे पाहिल्यावर लोक तक्रार करतात. 'क्षमा'चा 'मा' गेला आणि 'क्ष'चा 'क्' उरला, याची तक्रार कोण करणार?

२०१८ च्या फेब्रुवारीत तर तेलुगूतल्या 'ज्ञा'च्या एका लिखाणानं आयफोन कोसळत होते. संदेशात ते अक्षर आलं की ॲप बंद. ॲपलनं ११.२.६ ही दुरुस्ती काढली तेव्हा थांबलं. एक जोडाक्षर, आणि हजार डॉलरचा फोन आडवा.

---

पाटीपेन्सिल

'ज्ञ'चा उच्चार काय करायचा यावरून माणसं आडवी होतात, फोनचं काय घेऊन बसलात.

---

संकलन_केंद्र

मी कोल्हापूरकडचा. गावागावांतल्या दूध संस्थांना सॉफ्टवेअर देतो. तुमच्याकडं हा गमतीचा विषय आहे, माझ्याकडं बिलाचा.

सकाळी गवळी दूध घालतो, काट्यावर लिटर येतं, फॅट लागते, आणि त्याच्या फोनवर एसएमएस जातो. एका एसएमएसची जागा १४० बाइट. साध्या इंग्रजीत प्रत्येक अक्षराला सातच बिट लागतात, म्हणून १६० अक्षरं बसतात. पण संदेशात *एक* जरी देवनागरी चिन्ह आलं तरी अख्खा संदेश दोन-बाइटी पद्धतीत जातो आणि मर्यादा होते ७०. आणि ही ७० म्हणजे तुमच्या आईची अक्षरं नव्हेत, खण. 'म्हैस' लिहिलं की पाच गेले. ७० च्या वर गेलं की संदेशाचे तुकडे पडतात, तुकडे सांधायची माहिती आत घालावी लागते म्हणून प्रत्येकात ६७ च उरतात, आणि पैसे तुकड्यागणिक.

सुरुवातीला मी 'आपले दूध संस्थेस मिळाले, धन्यवाद' वगैरे सभ्यपणे लिहायचो. चेअरमननी पहिल्या महिन्याचं बिल बघितलं आणि धन्यवाद काढायला सांगितला. मग 'संस्थेस' गेलं. 'मिळाले' गेलं. आता जातं ते असं: 'म्हैस ४.५ फॅट ६.८ रु २३०'. एकदा वाटलं इंग्रजीत पाठवू, स्वस्तात पडेल. दोन दिवसांत एक म्हातारे गवळी काठी टेकत आले, "ह्ये काय लिवलंय, माझं दूध परत केलं का काय?" तेव्हापासून मराठीच.

---

शंकासूर

हे पटलं. माघार घेतो.

(थोडीच.)

---

खिळेजुळारी

संकलनवाले, तुमच्या त्या गवळीबाबांना माझा नमस्कार. आम्हीही लग्नपत्रिकेत ओळ बसत नसली की आधी 'कृपया' काढायचो, मग 'आपल्या शुभहस्ते'. 'चि. सौ. कां.'ला हात लावायची टाप नव्हती.

---

अर्धा_र

सगळ्यांचे आभार. 'का' आणि 'कि'चा प्रश्न पाटीपेन्सिल गुरुजींशी निरोपांतून बोलून सोडवला, त्यांचीच युक्ती. घराचे दोन भाग केले. खालचा भाग व्यंजनाचा, वरची पट्टी स्वराची. 'का'च्या जागी 'कि' भरलंत तर खालचा भाग हिरवा, वरची पट्टी करडी. म्हणजे बाराखडीची ओळ सापडली, खण नाही. जोडाक्षर असेल तर खालच्या भागात त्यातली व्यंजनं सुटी तपासतो, त्यामुळं 'ष' भरून 'क्ष'चा माग काढता येतो. आई म्हणते आता जमतंय, पण "रंग फार झालेत, रांगोळी आहे का खेळ?"

दोन उरलेले घोळ नोंदवून ठेवतो, कुणाच्या उपयोगी पडतील.

पहिला, 'ॲप'. हे तीन प्रकारे लिहिलेलं सापडतं. अ वर चंद्र असलेलं स्वतंत्र अक्षर, ते युनिकोडमध्ये आलं २००८ मध्ये, ५.१ आवृत्तीत. त्याआधी लोक अ लिहून त्याला चंद्र जोडायचे, अनेक कीबोर्ड अजून तेच करतात. आणि तिसरा हिंदी पद्धतीचा, ए वर चंद्र. पहिले दोन डोळ्यांना हुबेहूब सारखे दिसतात, पण यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात, आणि युनिकोडचं नेहमीचं एकरूपीकरण चालवलं तरी ते एक होत नाहीत. हाती नियम लिहावा लागतो.

दुसरा, अनुक्रम. शब्दयादी कोडच्या क्रमानं लावली तर ळ येतो ल च्या मागोमाग, व च्या आधी. शाळेत ह, मग ळ, क्ष, ज्ञ असं घोकलं होतं. यादी मराठी क्रमानं लाव असं ब्राउझरला स्पष्ट सांगावं लागतं.

---

मनकष

टेस्टिंगवाली म्हणून विचारते. 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' दोन्ही घालून बघितलेत ना? आयडी अर्धा_र आहे म्हणून.

---

अर्धा_र

बघितलेत, वेगळे धरतो. इतका अपमान नको.

---

अर्धा_र

मनकष, शब्द मागं घेतो.

आज सकाळी आईचा फोन. "तुझा खेळ माझ्याशी वाद घालतोय." तिनं भरलं होतं दर्‍या. खेळ म्हणाला चूक. सहा प्रयत्न संपल्यावर खेळानं उत्तर दाखवलं: दऱ्या. तिनं फोटो काढून पाठवला, वर तिचा शब्द, खाली माझा, दोन्ही तंतोतंत तेच. खाली लिहिलं होतं, "शोध यातला फरक."

फरक आहे. माझ्या यादीतला र नुक्त्याचा, युनिकोडमधला स्वतंत्र खण. आईच्या कीबोर्डनं घातला साधा र, पाय मोडा, आणि डब्लिनकरांनी सांगितलेलं ते अदृश्य जोडचिन्ह. दिसायला एक, आत दोन. तुलना करण्यापूर्वी सगळे अर्धे र एका साच्यात आणायची ओळ आता घातलीय. दोन वेळा तपासली, एकदा लॅपटॉपवर, एकदा बाबांच्या टॅबलेटवर.

---

पाटीपेन्सिल

आणि 'ॲप'चं काय ठरवलंत?

---

अर्धा_र

यादीतून काढला, गुरुजी.